पायाखालची नावं : ‘दख्खनचा भटक्या’ यांच्या लेखाला उत्तर

सुरंगी

परवा ‘दख्खनचा भटक्या’ यांनी बारा दिवसांच्या युरोप सहलीवर लिहिलं. त्यातला एक परिच्छेद डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : बर्लिनच्या फूटपाथवर नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावांच्या छोट्या पितळी पाट्या त्यांना दिसल्या. लोक त्यांवर पाय देऊन चालले होते, एका कुत्र्यानं तिथंच तंगडी वर केली. त्यावरून त्यांनी ठरवलं की या लोकांना मेलेल्यांचा मान ठेवता येत नाही, हे पर्यटकांसाठी मांडलेलं प्रदर्शन आहे, आणि ‘ऐंशी वर्षं झाली, आणखी किती दिवस रडायचं?’

मी अकरा वर्षं हाम्बुर्गच्या ग्रिंडेल भागात राहते. हा एकेकाळी ज्यूंचा मोहल्ला. आमच्या इमारतीच्या दारात असे तीन दगड आहेत. काँक्रीटचा ठोकळा, वर दहा सेंटिमीटर लांब-रुंद पितळ. पहिली ओळ ‘इथे राहत होती’. मग नाव, जन्म 1884, जुलै 1942 मध्ये थेरेसिएनश्टाटच्या नाझी छावणीत नेलं, आणि शेवटी कुठे मारलं. दुसरा दगड तिच्या नवऱ्याचा. तिसरा वरच्या मजल्यावरच्या एका एकट्या माणसाचा.

खरं सांगते, पहिले आठ महिने मीही त्यांवरून चालत होते. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी शेजारच्या आजी गुडघ्याखाली उशी घेऊन फूटपाथवर बसलेल्या दिसल्या. मला वाटलं पडल्या. त्या दगड पुसत होत्या. 9 नोव्हेंबर होता. 1938 साली याच रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं फोडली, जाळली होती. आजींकडे पॉलिशची ट्यूब होती, पण काळं निघत नव्हतं. मी वर गेले आणि चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन आले. आई देवाची पितळी भांडी अशीच घासायची. तेव्हापासून 9 नोव्हेंबर आणि 27 जानेवारी (आउशवित्सची नाझी मृत्यूछावणी मुक्त झाली तो दिवस), वर्षातून दोनदा, हे काम माझं. अक्षरं हातानं ठोकलेली असतात, खोलगट. प्रत्येक अक्षरात जुना टूथब्रश घालून फिरवावा लागतो. नाव नुसतं वाचणं वेगळं आणि असं एकेक अक्षर घासणं वेगळं. तिचं नाव मला आता अंधारात बोटानं ओळखता येईल.

आणि प्रदर्शन कसलं? गुंटर डेमनिग या शिल्पकारानं पहिला दगड 1992 मध्ये कोलोन शहरात बसवला. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमध्ये 1996 साली 51 दगड बसवले ते परवानगी न घेता. 2023 मध्ये न्युरेंबर्गला एक लाखावा दगड बसला. यामागे पर्यटन खातं नाही. कुठे शाळेतली मुलं, कुठे भाडेकरू, कुठे नातवंडं एका दगडाचे पैसे भरतात आणि त्या घरात कोण राहत होतं ते दफ्तरांतून शोधून काढतात. माझ्या गल्लीत एकही पर्यटक बस येत नाही.

दख्खनचा भटक्या

ताई, तुमच्या चिंचेबद्दल आदर आहे. पण मी जे पाहिलं ते पाहिलं. तुम्ही वर्षातून दोन दिवस पुसता, उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस लोक बुटांनी तुडवतात. आपल्याकडे वहीला पाय लागला तरी पोर उचलून कपाळाला लावतं. कुणी शिकवावं लागत नाही, ते अंगात असतं. ज्या बाईला घरातून ओढून नेलं, तिचं नाव तिच्याच दारात पायाखाली? भिंतीवर लावा, खांबावर लावा, डोळ्यांच्या उंचीवर लावा. बारा दिवसांत मी एकालाही थांबून वाकताना पाहिलं नाही.

‘किती दिवस रडायचं’ हा शब्द कडक गेला असेल. पण प्रश्न कायम आहे.

नवगावकरीण

भटक्या, शब्द ‘कडक गेला’ नाही. शब्द घाण गेला.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आजीचं माहेर अलिबागजवळ, आजोबांचा तेलाचा घाणा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. साठच्या दशकात घर उचलून इथे इस्राएलला आलो. आमच्या घरातलं युरोपात कुणी मेलं नाही. कोकणानं आम्हाला दोन हजार वर्षांत कधी हात लावला नाही, हे मी इथल्या शाळेत मोठ्या अभिमानानं सांगायचे. समोरच्या दारात हंगेरीहून आलेल्या एक बाई राहायच्या, हातावर छावणीत गोंदलेला नंबर होता. एकदा आजी त्यांना मोडक्यातोडक्या हिब्रूत नवगावच्या आमच्या जुन्या कबरींबद्दल सांगत होती. गवत माजलं असेल, कोण काढत असेल, अशी काळजी करत होती. त्या बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडे गवत काढायला कबर तरी आहे.

त्या बाईंसमोर उभं राहून विचारा, किती दिवस रडायचं ते.

आता दुसरं. सुरंगी, तुला राग येईल, पण पायाबद्दल मी भटक्याच्या बाजूनं आहे. आमच्यात कबरीवर पाय देत नाहीत. आणि हे फक्त आमच्या कोकणी डोक्यातलं नाही. म्युनिकमध्ये ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख यांनी हाच विरोध केला. त्या 1932 च्या. 1938 च्या त्या रात्री सहा वर्षांच्या होत्या, वडिलांचा हात धरून त्यांनी जळतं शहर पाहिलं. त्यांची आजी थेरेसिएनश्टाटला गेली. त्या स्वतः एका कॅथलिक शेतकरी कुटुंबात लपून वाचल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्यांना एकदा तुडवलं त्यांना पुन्हा पायाखाली घालू नका. 2004 साली तिथल्या पालिकेनं सार्वजनिक जागेत हे दगड बंद केले, एका जोडप्यासाठी बसवलेले दोन तर उखडून काढले. 2015 ला पुन्हा तेच ठरलं. आता तिथे भिंतीवर पाट्या आणि खांब आहेत. त्या बाईंना कुणी मान ठेवणं शिकवावं असं मला वाटत नाही.

सुरंगी

राग नाही आला. क्नोब्लोख यांच्यासमोर मी वाद घालणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्याच म्युनिकमध्ये मेलेल्यांचेच नातलग दगड हवेत म्हणून कोर्टात गेले आणि हरले. माणसं त्यांची, नाव त्यांचं, आणि ‘नाही’ म्हणणार पालिका. नातलग सापडले तर त्यांना विचारूनच दगड बसवतात. ज्यांना नको त्यांचा बसवू नये, ज्यांना हवा त्यांचा अडवूही नये.

भिंतीचं म्हणाल तर भिंत मालकाची असते. पुष्कळ घरमालक पाटी लावू देत नाहीत, घराची किंमत उतरेल म्हणून. फूटपाथ सगळ्यांचा.

अण्णा पंढरपूरकर

पायाखाली असणं म्हणजे अपमान, हे तुम्ही सगळ्यांनी धरूनच चालला आहात. आमच्या गावी या. महाद्वाराची पहिली पायरी कुणाची? नामदेव महाराजांनी मागून घेतलेली जागा आहे ती. देवाच्या दाराशी पडून राहावं, संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी, यापरतं मागणं नाही असं ते म्हणाले. आमच्या सातशे वर्षांच्या परंपरेत पायाखालची जागा ही सर्वांत वरची जागा आहे. भटक्यांनी हे विसरावं याचं वाईट वाटलं.

दख्खनचा भटक्या

अण्णा, विसरलो नाही. माझी आजी वारकरी होती. त्या पायरीवर पाय कोण देतो? सगळे डोकं टेकतात, पाय चुकवून आत जातात. म्हणजे नामदेवांनी धूळ मागितली, तरी लोकांच्यानं पाय ठेववला नाही. हाच तर माझा मुद्दा!

आणि नामदेवांनी स्वतः मागितलं. हाम्बुर्गच्या त्या बाईनं मागितलं होतं का?

अण्णा पंढरपूरकर

हा प्रश्न बरोबर आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करून लिहितो.

फोंड्याचो बाब

पाय, फरशी, दगड चाललंच आहे तर जुन्या गोव्याला या. संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये जमीनभर थडग्यांच्या शिळा आहेत, मोठमोठ्या पोर्तुगीज घराण्यांच्या, कोरीव चिन्हांसकट. सगळे त्यांवरून चालतात. त्यांनी ती जागा पैसे आणि मान देऊन मिळवली होती.

पण मला वेगळंच बोलायचंय. ज्यूंचा छळ म्हटलं की सगळे जर्मनीला जातात. आमच्याकडे 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, मधली चार वर्षं सोडली तर 1812 पर्यंत. लोक त्या वाड्याला ‘व्हडलें घर’ म्हणायचे, नाव घ्यायला घाबरायचे. सुरुवातीला त्यांचा डोळा कुणावर होता? पोर्तुगालहून पळून आलेल्या, नावाला ख्रिस्ती झालेल्या ज्यूंवर. गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्यातलाच. हिंदुस्थानी औषधींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं. तो 1568 ला मेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, ज्यू धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं. एवढ्यावर भागलं नाही. 1580 मध्ये गार्सियाची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली. मेलेल्या माणसाला शिक्षा!

पणजीला चर्चसमोरची बाग त्याच्या नावाची आहे. मी लहानपणी तिथे चणे खात फिरलो. वयाच्या चाळिशीपर्यंत मला हाडांचं ठाऊक नव्हतं. व्हडल्या घराच्या जागी आज काहीच उभं नाही, कागदपत्रंही बहुतेक नष्ट झाली. लिस्बननं 1506 च्या ज्यू हत्याकांडाचं स्मारक सांव दोमिंगुसच्या चौकात उभं केलं, तेही 2008 मध्ये, पाचशे वर्षांनी. कातारीनासाठी एक पितळी दगड कुणी जुन्या गोव्यात बसवला, तर मी रोज पुसायला जाईन. पायाखाली असो नाहीतर डोक्यावर.

तर्ककर्कश

आलात ना मुद्द्यावर? युरोप आठवतो ते युरोपनं युरोपियनांना मारलेलं. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं गेली. लंडनला पार्लमेंटसमोर चर्चिलचा पुतळा आहे. जर्मनांनी 1904 ते 1908 मध्ये आज नामिबिया आहे तिथे हेरेरो आणि नामा लोकांना वाळवंटात हाकलून तहानेनं मारलं. त्याला अधिकृतपणे ‘नरसंहार’ म्हणायला 2021 उजाडलं. बेल्जियमच्या राजाच्या अमलात काँगोत तोडलेल्या हातांचं तर बोलूच नका. सुरंगीताई, तुमच्या ग्रिंडेलमध्ये हेरेरोंचा एक तरी दगड आहे का?

सुरंगी

नाही. आणि त्याहून वाईट सांगते. ते सैन्य हाम्बुर्गच्याच बाकनहाफेन धक्क्यावरून बोटीत चढलं. आज तिथे नवे फ्लॅट, झाडं, खेळायची मैदानं आहेत. मी मुलाला घेऊन जाते. हे तुमचं बरोबर आहे, इथली आठवण एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ आहे.

पण यावरून दाट बाजूची माती काढायची का? हेरेरोंची आठवण वाढावी म्हणून माझ्या दारातली बाई पुसावी लागत नाही. बंगालचं दुःख खरं आहे म्हणून तुम्ही इथे आलात, की ज्यूंचं ऐकवत नाही म्हणून बंगाल आणलात? मला खरंच कळत नाही.

तर्ककर्कश

हा वैयक्तिक हल्ला आहे. माझे आजोबा 1943 ला कलकत्त्याला रेल्वेत होते. फलाटावर ‘फॅन दाओ’, भाताची पेज द्या, असं ओरडणारी माणसं त्यांनी पाहिली. पुढे आयुष्यभर आमच्या घरात भाताची पेज ओतून द्यायची बंदी होती. ओतलेली दिसली की ते ताटावरून उठायचे. त्यांच्यासाठी कुठे दगड आहे ते सांगा, मग मला हेतू विचारा.

सुरंगी

हेतूचं विचारलं ते चुकलं. मागे घेते. पेजेचं लिहिलंत ते बरं केलंत.

शब्दवेडा

सगळे ज्यू ज्यू करताय म्हणून एक आठवण देतो. डेमनिगनं 1992 ला बसवलेला तो पहिला दगड ज्यूंसाठी नव्हता. सिंती आणि रोमा लोकांना (युरोपात ज्यांना जिप्सी म्हणत) आउशवित्सला न्यायच्या नाझी पुढारी हिमलरच्या हुकमाला त्या दिवशी पन्नास वर्षं झाली होती. त्याआधी 1990 मध्ये त्यानं कोलोनमधून 1940 साली नेलेल्या हजारभर रोमा-सिंतींची वाट रस्त्यावर रंगानं रेखली होती. सगळं सुरू झालं ते तिथून.

आणि आपल्याला ते परके नाहीत. रोमानीत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’, काळ्याला ‘कालो’. मोजायचे एक, दुई, त्रिन, श्तार, पांज. भाषा इथूनच गेली, हजार वर्षांपूर्वी. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री आउशवित्समधल्या त्यांच्या छावणीत उरलेल्या चार हजारांहून जास्त बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना गॅसमध्ये घातलं. ‘पानी’ मागितलं असेल तर याच शब्दात. पश्चिम जर्मनीनं हा वंशसंहार होता हे मान्य केलं ते 1982 मध्ये, बर्लिनला स्मारक झालं 2012 मध्ये. चेक देशात लेटी इथे त्यांच्या छावणीच्या जागेवर सत्तरच्या दशकात डुकरांचा कारखाना बांधला होता. तो सरकारनं विकत घेतला 2017 ला, पाडला 2022 ला. जिथे पोरं मेली तिथे चाळीस-पन्नास वर्षं डुकरं. त्यापुढे पायाखालचा दगड मला काहीच वाटत नाही.

करवीरकर

आमच्या कोल्हापूरनं हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या पाच हजार ज्यूंना वळिवड्यात आसरा दिला, हे कुणी सांगतच नाही. आपलं चांगलं आपणच लपवायचं, ही आपली खोड.

इतिहासाचा मास्तर

करवीरकर, थांबा. आसरा दिला ते सोळा आणे खरं, 1943 ते 1948. पण वळिवड्याचे लोक मुख्यतः पोलिश कॅथलिक होते आणि त्यांना घराबाहेर काढलं होतं स्टॅलिननं. 1940-41 मध्ये सैबेरिया, कझाकस्तानला नेलेली कुटुंबं इराणमार्गे आपल्याकडे आली. 1940 च्या वसंतात रशियनांनी सुमारे 22 हजार पोलिश अधिकारी आणि सुशिक्षित माणसं गोळ्या घालून मारली, काटिन म्हणून जे ओळखलं जातं ते. सोव्हिएत सरकारनं जवळजवळ पन्नास वर्षं ते जर्मनांवर ढकललं आणि 1990 मध्ये कबूल केलं. वळिवड्याची गोष्ट हिटलरच्या नावावर टाकली की नकळत तुम्ही स्टॅलिनला सोडता. चांगुलपणा सांगायचा तर नीट सांगा.

आणि ज्यूंना आसरा मिळाला तो मुंबईत, थोड्यांना. आकाशवाणीची पहाटेची धून ज्यानं बांधली तो वॉल्टर कॉफमन 1934 मध्ये मुंबईला आलेला ज्यू संगीतकार होता. भटक्यांनी ‘आपला काय संबंध’ असं त्यांच्या मूळ लेखाखालच्या एका प्रतिसादात विचारलंय. तुमच्या आजोबांच्या घरी रेडिओ असेल तर रोज सकाळी तो संबंध वाजत होता.

आता माझं दुखणं. मी अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. कडक मास्तर म्हणजे हिटलर, कडक बाप म्हणजे हिटलर, हे आपण लाडानं म्हणतो. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं आत्मचरित्र हमखास असतं, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही वर्गात सांगायचो, ज्यूंचं केलं ते वाईटच, पण शिस्त बघा, रस्ते बघा. मग ‘माझा आदर्श नेता’ या निबंधात एका मुलानं हिटलर लिहिला. अक्षर मोत्यासारखं. शेवटचं वाक्य होतं, ‘त्याने देशातला कचरा साफ केला.’ हे वाक्य माझं नव्हतं, पण त्याची वाट मीच करून दिली होती. वही घेऊन मी त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, बरोबरच लिहिलंय की, गुरुजी. मी काही न बोलता परत आलो. ते न बोलणं मला अजून बोचतं.

तेव्हा किती दिवस, याचं माझं उत्तर आहे, तो निबंध लिहिला जातोय तोपर्यंत तरी.

दख्खनचा भटक्या

मी हिटलरचं कौतुक केलेलं नाही. उगाच माझ्या अंगाला ते चिकटवू नका. मी फक्त जागेबद्दल बोललो होतो.

वेशीबाहेरचा

अण्णा, तुमच्या पायरीकडे परत येतो. तुम्ही पायरी सांगितली, तिच्या समोरची समाधी सांगितली नाहीत.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून गेले. वेठीचं काम. नामदेव हाडं शोधायला गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम आलं ती चोखोबांची, असं ओळखून ती पंढरपूरला आणली. ज्याला जिवंतपणी आत घेतलं नाही त्याची समाधी दाराबाहेरच झाली. पुढे सहाशे वर्षं आम्ही त्या समाधीपाशीच थांबायचं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा दार उघडलं. माझ्या पणज्यानं त्या दिवसापर्यंत विठोबा पाहिला नव्हता.

ही गोष्ट मी लहानपणी कीर्तनात ऐकली तेव्हा सगळे रडत होते. मला एकच प्रश्न पडला होता आणि विचारायची हिंमत नव्हती. त्या भिंतीखाली चोखोबा एकटेच होते का? उरलेली हाडं कुणाची? त्यांची नावं काय? त्यांच्या हाडांतून नाम आलं नाही म्हणून ती तिथेच राहिली.

सुरंगीताई जे घासतात ना, ते म्हणजे उरलेल्या हाडांना नाव देणं आहे. ती बाई संत नव्हती, शास्त्रज्ञ नव्हती, तिची डायरी कुणी छापली नाही. ती त्या घरात राहत होती, एवढंच. एवढ्यासाठी तिला नाव मिळालं. पायाखाली मिळालं की भिंतीवर, हा वाद ज्यांना नावं आहेत त्यांचा आहे.

तर्ककर्कश

युरोपवरून सरळ पंढरपूर! आता इथे जातीचा आखाडा होणार.

वेशीबाहेरचा

तुम्ही बंगाल आणलात तेव्हा तो आखाडा नव्हता, आणि मी मंगळवेढा आणला की आखाडा?

अण्णा पंढरपूरकर

त्यांना बोलू द्या. त्यांचं बरोबर आहे. पायरी सांगताना समाधी राहिली ती माझी चूक. पन्नास वर्षं रोज तिच्यासमोरून जातो. ‘उरलेली हाडं’ हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आज काकड्याला गेलो तेव्हा तिथेच थांबलो, आत जायचं सुचलं नाही.

भटक्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो म्हणालो होतो. त्या बाईनं मागितलं नव्हतं, हे खरं. पण मागायला तिला ठेवलंच नाही. मग तिच्या मागे उरलेल्यांनी ठरवावं. आपण दोघांनी नव्हे.

नवगावकरीण

वेशीबाहेरचा, तुमच्या प्रतिसादानंतर थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. इथे याद वाशेम या ज्यू संहाराच्या स्मृतिसंस्थेत माणसं अजून मेलेल्यांची नावंच गोळा करतायत. साठ लाखांतली पन्नास लाखांच्या आसपास झाली. उरलेल्या दहा लाखांत पुष्कळशी लहान मुलं, ज्यांना ओळखणारं पूर्ण गावच गेलं. समोरच्या बाईंनी आपल्या तीन भावंडांचे अर्ज भरले होते. धाकट्याची जन्मतारीख त्यांना आठवत नव्हती. त्या दिवशी त्या आमच्याकडे येऊन बसल्या आणि आजीनं त्यांच्यापुढे न विचारता चहा ठेवला.

पायाचं माझं मत बदललेलं नाही. मी असते तर भिंतीवर लावलं असतं.

तर्ककर्कश

गाझाबद्दल कुणी बोलणार आहे की नाही?

नवगावकरीण

वेगळा धागा काढा. मी येईन आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त बोलेन. या बायकांच्या दगडावर ते भांडण नको.

इतिहासाचा मास्तर

‘युरोपचं सगळं प्रदर्शन’ यावर एकच. 1970 मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्साच्या ज्यू स्मारकासमोर गुडघ्यांवर बसले, तेव्हा पश्चिम जर्मनीत लोकांचा कौल घेतला. 48 टक्के म्हणाले, हे अति झालं. 41 टक्के म्हणाले, योग्य केलं. फ्रान्सच्या पोलिसांनी 1942 च्या जुलैत पॅरिसमध्ये तेरा हजार ज्यू पकडून दिले, हे देशाच्या नावानं कबूल करायला अध्यक्षाला 1995 उजाडलं. पोलंडमध्ये येदवाबनेला 1941 साली शेजाऱ्यांनीच ज्यू शेजाऱ्यांना धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. 2001 मध्ये अध्यक्षांनी माफी मागितली, त्यावरून तिथे अजून भांडणं आहेत. हे काही सहज, हौसेनं झालेलं नाही. प्रत्येक वेळी घरचेच लोक म्हणत होते, किती दिवस.

सुरंगी

शेजारच्या आजींबद्दल एक राहिलं. गेल्या वर्षी त्या वारल्या. जायच्या आधी दोन महिने त्यांनी मला सांगितलं, की 1942 मध्ये त्या सहा वर्षांच्या होत्या आणि याच इमारतीत राहत होत्या. त्या बाईंचं शिवणयंत्र नंतर त्यांच्या घरी आलं. रिकाम्या घरातलं सामान लिलावात निघालं होतं, त्यांच्या आईनं घेतलं. त्या यंत्रावर शिवलेला फ्रॉक घालून आजी शाळेत गेल्या. इतकी वर्षं गुडघ्याखाली उशी घेऊन त्या काय पुसत होत्या, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना माफही करू शकत नाही आणि दोषही देऊ शकत नाही. मी फक्त त्यांची उशी मागून घेतली.

दख्खनचा भटक्या

‘रडायचं’ हा शब्द मूळ लेखातून काढला आहे. नवगावकरीण ताई, तुमच्या समोरच्या बाईंसाठी काढला, वादात हरलो म्हणून नाही. फूटपाथबद्दल माझं मत तेच आहे, आणि त्यात तुम्हीच माझ्या बाजूला आहात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. लेखात मी जो फोटो टाकला होता, पाय दिसावेत म्हणून मुद्दाम काढलेला, तो आज मोठा करून बघितला. चार दगड आहेत. आडनाव एकच. बाप 1901, आई 1907, मुलगी 1934, आणि चौथ्यावर अर्धा बूट आलाय. त्यामुळे जन्मसाल दिसतंय, 1939, पण नाव दिसत नाही. तिथे उभा असताना मी खाली वाकून वाचलं नव्हतं. सुरंगीताई, रस्त्याचं नाव माझ्याकडे आहे, पाठवतो. तुमच्या ओळखीचं बर्लिनला कुणी असेल तर चौथं नाव काय आहे ते बघून सांगायला सांगाल का?

सुरंगी

पाठवा. शनिवारी माझी मैत्रीण त्या बाजूला जाणारच आहे. पितळ काळं पडलं असेल तर पुसूनही येईल.